पाच नगांचं गिऱ्हाईक

इलेक्ट्रॉनिक पार्टांच्या घाऊक व्यापारातल्या माणसांकडे हौशी गिऱ्हाइकांचा विषय काढला, की ठरलेलं उत्तर मिळतं. आम्ही कारखान्यांना माल देणारे लोक. पाच नगांसाठी रील फोडणं आम्हाला परवडत नाही. जीएसटी नंबर नसलेल्या माणसाचं बिल कसं करायचं? आणि ज्याला पाचच नग हवेत त्याच्यासाठी लॅमिंग्टन रोड आहे, ऑनलाइन दुकानं आहेत, त्यानं आमच्या दारात कशाला यायचं? हे उत्तर इतकी वर्षं दिलं जातंय, की ऐकणाऱ्यांनाही ते पटू लागलंय. फोन लागताच पहिल्या वाक्यात "क्वांटिटी जरा कमी आहे, साहेब" असं अपराध्यासारखं सांगणारी, एरवी कुणापुढे न दबणारी माणसं मी पाहिली आहेत.

या उत्तरात एक गोष्ट खरी आहे आणि ती मी पुढे मान्य करणार आहे. बाकीची कारणं मात्र तपासायला घेतली की एकेक करून गळून पडतात. ती कधी कुणी तपासली नाहीत, म्हणून तर टिकली.

आधी ही हौशी माणसं कोण ते पाहू. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन घरच्या गच्चीवर अँटेना उभारलेले हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, यांत आहेत. तालुक्याच्या गावात डिप्लोमा करणारी आणि कॉलेजच्या प्रोजेक्टपलीकडे स्वतःचं काही बनवू पाहणारी मुलं आहेत. स्वतःचा ॲम्प्लिफायर स्वतः बांधणारे संगीताचे दर्दी आहेत, विहिरीवरच्या मोटारीसाठी टायमर तयार करणारा शेतकऱ्याचा मुलगा आहे. ज्याचं सर्किट कंपनी देत नाही असा बोर्ड समोर घेऊन बसलेला दुरुस्तीवालाही खरेदीच्या बाबतीत याच रांगेत उभा असतो. या सगळ्यांची गरज एकसारखी आहे: थोडे नग, अचूक त्याच नंबरचे आणि अस्सल.

असा माणूस अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडे फोन करतो तेव्हा त्याला माल आहे की नाही, भाव काय, हे सांगितलंच जात नाही. त्याला उलट प्रश्न येतात. कंपनीचं नाव काय? जीएसटी नंबर सांगा. वर्षाची रिक्वायरमेंट किती? एंड प्रॉडक्ट काय आहे? लेटरहेडवर मेल करा, आमचा माणूस संपर्क करेल. मेल केला तर उत्तर येत नाही. नकार तोंडावर मिळाला असता तर माणूस दुसरीकडे गेला असता. इथे तो आठवडाभर वाट पाहतो आणि मग स्वतःच समजून घेतो.

जीएसटीचं कारण आधी घेतो, कारण ते सांगताना सरकारी वजन पडतं आणि समोरचा गप्प होतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. त्या दिवसापासून आजपर्यंत, नोंदणी नसलेल्या माणसाला माल विकायला कधीही बंदी नव्हती. देशातली जवळजवळ सगळी किरकोळ विक्री अशाच माणसांना होते. रेझिस्टर असो की मायक्रोकंट्रोलर, कर लावायचा, वसूल करायचा, भरायचा. बिल २०० रुपयांच्या आतलं असेल, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल आणि त्यानं बिल मागितलं नसेल, तर स्वतंत्र बिलसुद्धा करावं लागत नाही. दिवसाच्या शेवटी अशा विक्रीचं एकत्र बिल चालतं. काउंटरवरच्या विक्रीत ५० हजारांच्या आतल्या बिलावर अशा गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता घालण्याचीही सक्ती नाही. त्यानं मागितलं तरच घालावं लागतं. विवरण भरतानाही नोंदणीकृत गिऱ्हाइकाचं प्रत्येक बिल वेगळं दाखवावं लागतं, तर नोंदणी नसलेल्यांना राज्यातल्या राज्यात केलेली विक्री कराच्या दरानुसार एकत्र दाखवता येते. म्हणजे कागदपत्रांच्या हिशेबानं पाहिलं तर हौशी गिऱ्हाईक हे कारखान्यापेक्षा सोपं गिऱ्हाईक आहे. भरलेल्या कराचं क्रेडिट त्याला मिळत नाही, पण तो तोटा त्याचा आहे आणि तो मुकाट्यानं सोसतो. पेढीचं त्यात एक पैशाचंही नुकसान नाही.

याला आणखी एक बाजू आहे. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात त्याला साधारणपणे नोंदणीची सक्तीच नाही. ही सूट छोट्या माणसाला सुरुवात करता यावी म्हणून ठेवलेली आहे. घरच्या टेबलावर बॅटरी चार्जर जोडून विकणारा तरुण कायद्यानं पूर्णपणे सरळ चाललेला असतो, आणि तरीही पेढी त्याच्याकडे सरकारनं न मागितलेला नंबर मागते. सरकारनं उघडं ठेवलेलं दार व्यापारानं स्वतःहून लावून घेतलंय आणि वर सरकारचं नाव सांगितलं जातंय. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त राग येतो तो याचा.

मग नंबर का मागतात? मला दिसणारी कारणं दोन. पहिलं असं, की पेढीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना रिकामा सोडता येत नाही आणि तो बदलून घ्यायचा कुणी विचार केलेला नाही. दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी कामासाठी माल घेणारा सहसा 'ग्राहक' ठरत नाही. घरगुती वापरासाठी घेणारा ठरतो. पाच आयसी घेणाऱ्या हौशी माणसाला खराब मालाबद्दल ग्राहक आयोगापुढे जायचा हक्क आहे, आणि तो हक्क पेढीला नको असतो. पण ही भीती त्या विक्रेत्याला वाटायला हवी ज्याला आपला माल कुठून आला ते ठाऊक नाही. उत्पादकाकडून थेट माल उचलणाऱ्या अधिकृत डिस्ट्रिब्युटरइतका निर्धास्त विक्रेता दुसरा कोण असणार?

आता रील फोडण्याचं. ०८०५ मापाच्या रेझिस्टरच्या एका रीलमध्ये साधारण ५,००० नग असतात, एसओटी-२३ ट्रान्झिस्टरच्या रीलमध्ये ३,०००, आणि लहान एसओआयसी आयसींच्या रीलमध्ये बहुधा २,५००. पूर्वी आयसी मोठ्या पायांचे, डीआयपी प्रकारचे येत. ते प्लास्टिकच्या लांब स्टिकमध्ये भरलेले असत, आठ पायांचे ५० किंवा सोळा पायांचे २५. स्टिक उघडून दोन काढून दिले तर कुणाचं काही बिघडत नसे. मग पार्ट बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे झाले, यंत्रं ते टेपवरून उचलू लागली, आणि पेढ्यांनी यंत्राचं माप माणसावर लादलं. अनेक नवे आयसी आज डीआयपीमध्ये येतच नाहीत. हौशी माणसानं तक्रार न करता स्वतःचा हात बदलला: भिंग घेतलं, फ्लक्स घेतला, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न घेतलं, ०८०५ हातानं बसवायला तो शिकला. व्यापार मात्र जागचा हलला नाही.

टेप कापणं म्हणजे काय ते पाहा. ०८०५ ची टेप ८ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्यात दर ४ मिलिमीटरला एक खळगा, त्यात एक नग. दहा नग म्हणजे चार सेंटिमीटर टेप. नग हातात घ्यायचा नाही, मोजायचाही नाही; पट्टी लावायची आणि कापायचं. कापडाचा दुकानदार ठाण उलगडून मीटरवर कापून देतो आणि पूर्ण ठाण घेणाऱ्या शिंप्यालाही तोच माल विकतो, तसंच हे आहे. कारखान्याला सीलबंद रील लागतं ही गोष्ट खरी. म्हणून तर खपाच्या प्रत्येक नंबराचं एकच रील कापण्यासाठी बाजूला ठेवायचं असतं. अमेरिकेतले मोठे डिस्ट्रिब्युटर कित्येक वर्षं हेच करताहेत; 'कट टेप' हा त्यांच्याकडे विक्रीचा नेहमीचा प्रकार आहे.

यावर ओलाव्याचा मुद्दा काढला जातो: पाकीट उघडलं की माल हवेतली ओल शोषतो आणि सोल्डर करताना फुटतो. काही आयसींबाबत ते बरोबर आहे. ओलावा-संवेदनशीलतेची तिसरी पातळी असलेला पार्ट पाकिटातून काढल्यावर कारखान्याच्या हवेत १६८ तासच चालतो, नंतर तो भाजून कोरडा करावा लागतो. मुंबईच्या पावसाळ्यात ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण पहिल्या पातळीच्या पार्टांना अशी मुदतच नसते, आणि साधे रेझिस्टर किंवा सिरॅमिक कपॅसिटर या चिंतेत बसतच नाहीत. बरीचशी मागणी याच साध्या मालाची असते. पन्नास पायांच्या नाजूक चिपचं कारण पुढे करून पावलीचा रेझिस्टर नाकारायचा, याला तांत्रिक अडचण म्हणता येत नाही.

आता जे खरं आहे ते. छोट्या ऑर्डरला लागणारी मेहनत मोठ्या ऑर्डरइतकीच असते, कधी जास्तही. समजा, कुणी तीन रुपयांचे दहा ट्रान्झिस्टर मागितले. तीस रुपयांच्या मालासाठी गोदामातल्या माणसानं कप्पा शोधायचा, टेप कापायची, पाकिटावर नंबर लिहायचा, बिल करायचं, कुरिअरला द्यायचं. त्या माणसाच्या वेळेची किंमत मालाच्या किमतीहून जास्त होते. त्यात गिऱ्हाईक नवखं असेल तर फोनवर अर्धा तास पिनांची माहिती विचारतं. हा खर्च खरा आहे आणि तो पेढीनं सोसावा असं मी म्हणत नाही. तो आमच्याकडून घ्या. बिलाची किमान रक्कम ठेवा, पाचशे ठेवा, हजार ठेवा. टेप कापण्याचे वेगळे पैसे लावा. सुट्या नगाचा भाव रीलच्या भावाच्या तिप्पट असला तरी हौशी माणूस तो देतो, कारण त्याचा हिशेब निराळा असतो: त्या एका पार्टावाचून त्याचं महिनाभराचं काम अडलेलं असतं. गणित बसत नाही असं म्हणणाऱ्यांनी ते कधी मांडून दाखवलेलं नाही. भाव सांगितला आणि गिऱ्हाइकानं तो नाकारला, असं घडलं असतं तर परवडत नसल्याची तक्रार मी ऐकून घेतली असती. इथे भाव सांगायच्या आधीच संभाषण संपतं.

ते तिथे का संपतं याचं कारण या धंद्याच्या रचनेत आहे. चिप बनवणाऱ्या कंपन्या डिस्ट्रिब्युटरला डिझाइन नोंदवायला सांगतात: अमुक कारखान्याच्या अमुक उत्पादनात आमची चिप बसवून घेतलीत, तर त्या मालावर तुम्हाला जास्त मार्जिन. म्हणून विक्री-अभियंत्याच्या तोंडी पहिला प्रश्न वर्षाच्या गरजेचा असतो. त्याचं टार्गेट नोंदवलेल्या डिझाइनांवर ठरतं आणि हौशी माणसाच्या वहीतलं सर्किट त्या तक्त्यात कुठेच बसत नाही. त्या अभियंत्यावर राग धरण्यात अर्थ नाही. त्याला फोनवर जे विचारायला शिकवलंय ते तो विचारतो. पण मग पेढीच्या मालकानं हौशी गिऱ्हाइकाला विक्री-अभियंत्याकडे पाठवायचंच कशाला? त्याला अभियंता नकोच असतो. त्याला पार्टाचा नंबर ठाऊक असतो, डेटाशीट त्यानं वाचलेली असते. गोदामाशेजारी एक काउंटर पुरे.

"लॅमिंग्टन रोड आहे की," असं म्हणणाऱ्यांना मला जरा सविस्तर उत्तर द्यायचं आहे, कारण त्या रस्त्याचं माझ्यासारख्या अनेकांवर ऋण आहे. ग्रँट रोड स्टेशनाजवळचा हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पुण्यातली बुधवार पेठ आणि तपकीर गल्ली, दिल्लीचं लजपतराय मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळुरूचा एस. पी. रोड: या बाजारांनी एकेक नग विकून देशातल्या किती तरी तंत्रज्ञांना हाताशी धरलं. पण तो बाजार रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या जिवावर उभा होता. दुरुस्तीवाला रोज यायचा म्हणून दुकानदार बीसी ५४७ पासून फ्लायबॅकपर्यंत सगळं ठेवायचा, आणि त्यातलंच हौशी माणसालाही मिळायचं. दुरुस्ती आटली, तसे ते गाळे सीसीटीव्ही, एलईडी दिवे आणि मोबाइलच्या सामानाकडे वळले. त्यांना दोष देता येणार नाही. त्यांनाही गाळ्याचं भाडं भरायचं असतं. जे टिकून आहेत त्यांच्याकडेही मोजके जुने नंबर मिळतात. नव्या नंबराची चिप विचारली तर दुकानदार स्वतःच सांगतो की ती डिस्ट्रिब्युटरकडेच मिळेल. आणि डिस्ट्रिब्युटर म्हणतो, लॅमिंग्टन रोडला जा.

त्याहून गंभीर गोष्ट आहे ती नकली मालाची. पृष्ठभाग घासून नवा नंबर छापलेले आयसी, भंगार बोर्डांवरून उपसून पाय चकचकीत केलेले आयसी, मोठ्या डब्यात लहान कपॅसिटर बसवून वर जास्त मायक्रोफॅरड छापलेले इलेक्ट्रोलिटिक. ॲम्प्लिफायर बांधणाऱ्यांना २एससी ५२०० आणि २एसए १९४३ ही पॉवर ट्रान्झिस्टरची जोडी पाठ असते आणि तिच्या नकलांचा धसकाही. बाहेरून हुबेहूब अस्सल. फोडून पाहिला तर आत सिलिकॉनचा इवलासा तुकडा, जो पूर्ण आवाजाला क्षणात जळतो आणि जाताना महागडे स्पीकरही घेऊन जातो. नवखा मुलगा अशा वेळी स्वतःच्या सर्किटात चूक शोधत बसतो. त्याला वाटतं, आपल्याला हे जमत नाही. तो इलेक्ट्रॉनिक्स सोडून देतो, आणि त्यानं ते का सोडलं याची नोंद कुठेच होत नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या कंपनीनं विंडोज अपडेटमधून एक ड्रायव्हर पाठवला. तो तिच्या यूएसबी चिपच्या नकला ओळखायचा आणि त्यांचा ओळख-क्रमांक शून्य करून टाकायचा. त्यानंतर ते उपकरण संगणकाला दिसेनासं व्हायचं. जगभर ओरड झाली आणि कंपनीनं तो ड्रायव्हर मागे घेतला. आपल्या मालाचं रक्षण करण्याचा कंपनीला हक्क होता, पण मार त्यांना बसला ज्यांना आपल्या बोर्डावर अस्सल चिप आहे की नकली हे कळायला काहीच मार्ग नव्हता. अस्सल मालाचा दरवाजा बंद ठेवायचा आणि मग नकली माल वापरल्याची शिक्षा त्याच माणसाला करायची, हा अन्याय आहे. नकली मालाविरुद्ध परिषदा भरवणाऱ्या, पत्रकं काढणाऱ्या डिस्ट्रिब्युटरांनी हे ध्यानात घ्यावं की त्या बाजाराला गिऱ्हाईक पुरवण्यात त्यांच्या नकाराचाही वाटा आहे.

ऑनलाइनबद्दल थोडक्यात. पुण्यात, बंगळुरूत चांगली दुकानं उभी राहिली आहेत आणि त्यांनी मोठं काम केलंय. पण त्यांचा भर तयार मॉड्यूलवर असतो: सेन्सरचा छोटा बोर्ड, मोटर ड्रायव्हरचा बोर्ड, चार वायरी जोडल्या की चालू. शिकायची सुरुवात म्हणून ते उत्तम. स्वतःचा बोर्ड काढायला घेतला की मात्र त्या मॉड्यूलवरची नेमकी चिप, तिच्याशेजारचा नेमका कॉइल आणि एनपीओ जातीचा कपॅसिटर सुटा लागतो, आणि तिथे यादी संपते. मग परदेशातून मागवा म्हणतात. मागवता येतं, स्वतःच्या वापरासाठी आयात-निर्यात कोडही लागत नाही. पण केवायसीची कागदपत्रं, कस्टम्स आणि कुरिअरचा आकार मिळून चिपच्या किमतीच्या कितीतरी पट होतात. आणि अनेकदा तीच चिप त्याच महिन्यात भिवंडीच्या नाहीतर बंगळुरूच्या एखाद्या गोदामात रीलवर पडलेली असते.

आपल्याकडच्या हॅम मंडळींनी या टंचाईतून काय काय केलं हे अभिमानानं सांगितलं जातं. हैदराबादचे अशर फरहान यांनी 'बिटएक्स' हा ट्रान्सीव्हर डिझाइन केला, तो टीव्हीच्या सुट्या भागांतून आणि सहज मिळणाऱ्या वस्तूंतून बांधता यावा म्हणून. टोरॉइड कोअर महाग आणि दुर्मीळ, म्हणून त्यांनी हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळले. जगभरच्या हॅमनी हे डिझाइन उचललं, आणि ते कौतुकाला पूर्ण पात्र आहे. पण हे उदाहरण "बघा, अडचणीतूनच कल्पकता येते" असं म्हणायला वापरलं जातं तेव्हा मला ते सहन होत नाही. फरहान यांच्या हातात कोअर सहज पडला असता तर त्यांची बुद्धी त्याहून अवघड प्रश्नाकडे गेली असती. आणि ज्यांच्याकडे त्यांच्याइतकी बुद्धी नव्हती, नुसती आवड होती, ते वॉशरपर्यंत पोहोचलेच नाहीत.

"हौशी लोकांवर धंदा होत नाही" हे वाक्य तर या व्यापाराच्या स्वतःच्या इतिहासाशीच जुळत नाही. डिजी-की हा आज जगातल्या सर्वांत मोठ्या डिस्ट्रिब्युटरांपैकी एक. तो १९७२ मध्ये मिनेसोटातल्या थीफ रिव्हर फॉल्स या लहानशा गावात रोनाल्ड स्टॉर्डाल यांनी सुरू केला. त्याआधी ते हॅमसाठी मोर्स पाठवण्याचं डिजिटल की-अरचं किट विकत. पार्टांच्या विक्रीचा धंदा त्यातूनच वाढला आणि कंपनीचं नावही त्या किटावरूनच पडलं. आजही तिथून एक नग मागवता येतो. त्याच वर्षी इंग्लंडात एसेक्समध्ये मॅप्लिन निघाली, तीही पार्ट मिळत नाहीत म्हणून वैतागलेल्या हौशी माणसांनी काढलेली. त्या काळी तिथली आरएस ही मोठी पेढी फक्त व्यापाऱ्यांनाच माल देत असे. गंमत म्हणून नव्हे, संदर्भ म्हणून सांगतो: तीच आरएस १९३७ मध्ये 'रेडिओस्पेअर्स' या नावानं रेडिओ दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग पुरवायला निघाली होती.

मॅप्लिन २०१८ मध्ये बुडाली आणि अमेरिकेतली रेडिओशॅक २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली, हे माझ्यावर उलटवलं जाईल. जरूर उलटवा. या दोन्ही साखळ्यांनी आधी पार्टांचे कप्पे आक्रसले आणि मोबाइल, खेळणी, गॅजेट यांना जागा दिली. ज्या वस्तू कुठेही स्वस्त मिळतात त्यांच्यावर त्यांनी भिस्त ठेवली आणि ज्यासाठी लोक खास त्यांच्याकडे येत तो माल मागच्या भिंतीला नेला. सुटे नग विकत राहिलेली डिजी-की त्या काळात वाढत होती.

आणि सप्टेंबर १९७५ विसरून चालणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोत वेस्कॉन हे प्रदर्शन भरलं होतं. इंटेलच्या ८०८० ची एका नगाची छापील किंमत तेव्हा ३६० डॉलर होती. एमओएस टेक्नॉलॉजीच्या चक पेडल यांनी आपली ६५०२ ही चिप २५ डॉलरला, एकेक नग, रोख पैशांवर, येईल त्याला विकली. प्रदर्शनाच्या जागेत विक्रीला परवानगी नव्हती म्हणून त्यांनी हॉटेलात खोली घेतली. तिथे चिप घेणाऱ्यांत स्टीव्ह वॉझ्नियॅक होता. तेव्हा त्याच्यापाशी ना कंपनी होती, ना वर्षाची रिक्वायरमेंट. त्या चिपभोवती त्यानं जो संगणक रचला तो ॲपल १, आणि १९७७ मध्ये आलेल्या ॲपल २ मध्येही तीच चिप होती. कमोडोर पेट आणि बीबीसी मायक्रोही याच चिपवर चालले. पेडल यांनी त्या दिवशी लेटरहेड मागितलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मी आपल्या डिस्ट्रिब्युटरांना गांभीर्यानं विचारतो.

टंचाईच्या काळात कारखान्यांना आधी माल द्यावा लागतो, हे मला मान्य आहे. २०२१-२२ मध्ये चिपांचा दुष्काळ पडला तेव्हा रास्पबेरी पायनंही तसंच केलं. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून २०१२ मध्ये निघालेला हा बोर्ड हौशी लोकांना मिळेनासा झाला. पण रास्पबेरी पायचे प्रमुख एबेन अप्टन यांनी उघडपणे सांगितलं की, ज्यांचा धंदा या बोर्डावर अवलंबून आहे त्यांना आम्ही प्राधान्य देतोय. पुरवठा सुधारल्यावर २०२३ मध्ये तो पुन्हा दुकानांत दिसू लागला. कारण सांगितलेलं होतं आणि कारण संपल्यावर नकारही संपला. आपल्याकडे गोदामं भरलेली असतानाही नकार तसाच राहतो.

आणि हे सगळं कोणत्या काळात चाललंय? डिसेंबर २०२१ मध्ये सरकारनं सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली. २०२५ मध्ये सुट्या पार्टांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटींची वेगळी योजना आली. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. अशा १०,००० लॅब झाल्या आणि आणखी ५०,००० ची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. आठवीतल्या मुलीला सरकार सोल्डरिंग आयर्न हातात देतं. दहावीनंतर ती लॅब तिच्यामागे राहते. तिच्या डोक्यात एखादी कल्पना असते, हातात चार आयसींची यादी असते आणि बापाच्या खिशातून मिळालेले हजार रुपये असतात. तिच्याकडे जीएसटी नंबर नसतो. चिप बनवण्याच्या कारखान्यांना माणसं लागतील तेव्हा ती याच मुलींतून यायची आहेत, आणि त्यांना पार्ट विकायला आज कुणी तयार नाही.

म्हणून अधिकृत डिस्ट्रिब्युटरांकडे माझी मागणी साधी आहे. खपाच्या दोन-तीनशे नंबरांचं प्रत्येकी एक रील कापण्यासाठी ठेवा. आठवड्यातून दोन दुपारी काउंटर उघडा किंवा संकेतस्थळावर सुट्या नगांचा भाव लावा. पैसे आगाऊ घ्या. आम्हाला उधारी नको, जी कारखाने तुमच्याकडून महिनोन्‌महिने घेतात. नंबर चुकीचा मागवला तर माल परत घेणार नाही असं बिलावर छापा. फोनवर तांत्रिक सल्ला देणार नाही असंही छापा. चिप-कंपन्यांनीही आपल्या डिस्ट्रिब्युटरांशी करार करताना सुट्या विक्रीची अट घालावी. नमुन्याचे मोफत नग जीमेलच्या पत्त्यावरून मागणाऱ्याला नाकारायचे असतील तर तेच नग विकत मिळण्याची सोय तरी त्यांनी ठेवायला हवी.

ज्यांना यातलं काहीच करायचं नसेल त्यांनी निदान किमान ऑर्डरचा आकडा जाहीर करावा: अमुक रुपये किंवा अमुक नग, आणि तेवढा माल जीएसटी नंबर असो वा नसो, मिळेल. आकडा पाच हजारांचा असला तरी चालेल. हॅम क्लब आणि कॉलेजातले गट एकत्र मिळून मागणी गोळा करायला तयार असतात, त्यांनी ते पूर्वीही केलेलं आहे. एक जण पैसे जमा करेल, एक जण माल आणायला जाईल, आणि टेप आम्ही घरी कापू.